‘हरिदास’ : कावेरीकाठचा पुंडलीक

परमुलखात नेमणूक झालेला मराठी अधिकारी तंजावरास गेला की त्याचा कार्यक्रम बहुधा ठरलेला असतो. भोसल्यांचा राजवाडा, सरस्वती महालातील मोडी कागद, बृहदीश्वराच्या मंदिरात सरफोजी महाराजांनी १८०३ मध्ये कोरविलेला आपल्या वंशाचा लांबलचक मराठी शिलालेख, आणि संध्याकाळी यजमानाच्या घरी जेवताना, सांबार हा पदार्थ संभाजीच्या नावावरून आला ही दंतकथा. यजमान सौजन्याने हसतो. त्याने ती यापूर्वी अनेक पाहुण्यांकडून ऐकलेली असते. गेलेल्या राज्याच्या खुणा शोधण्याची ही हौस स्वाभाविक आहे, आणि तिची थट्टा करण्याचा आमचा हेतू नाही. परंतु या फेरीत जी वस्तू कोणी दाखवीत नाही आणि कोणी मागतही नाही, तिच्याविषयी आज लिहावयाचे आहे. ती वस्तू म्हणजे १९४४ सालचा एक तामिळ बोलपट : ‘हरिदास’.

या चित्रपटाचे नाव तामिळ माणसाच्या तोंडी आजही निघते ते मुख्यतः एका विक्रमामुळे. १९४४ च्या दिवाळीत तो मद्रासच्या ब्रॉडवे चित्रगृहात लागला, आणि १९४५ व १९४६ या दोन्ही वर्षांच्या दिवाळ्या त्याने तेथेच पाहिल्या. नायकाच्या भूमिकेत एम. के. त्यागराज भागवतर होते, दिग्दर्शक सुंदरराव नाडकर्णी, गीते पापनाशम् शिवन् यांची आणि संगीताची मांडणी जी. रामनाथन् यांची. नाडकर्णी हे आडनाव वाचून आमच्या वाचकांच्या भुवया उंचावतील. हे गृहस्थ मंगळूरकडचे. पण त्या नावात आमचे कुतूहल फारसे अडकलेले नाही. आमचे कुतूहल कथेविषयी आहे. आईबापांस छळणारा, स्त्रीच्या नादी लागलेला, पुढे अनुतापाने पोळून त्याच आईबापांच्या सेवेत देव पाहणारा हा हरिदास कोण? तामिळ घरांत ‘भक्तविजयम्’ या नावाने ज्या भक्तकथा वाचल्या जातात, त्यांतील हा नायक. ते नावच महिपतीच्या ग्रंथाची आठवण करून देते. आणि कथा तर उघडच आपल्या पुंडलिकाची आहे.

पुंडलिकाची कथा आपण इतक्या वेळा ऐकली आहे की ती एक अद्भुत कथा आहे हेच आपण विसरून गेलो आहो. तिच्यात काय नाही? मुलगा आणि सून घोड्यावर बसून काशीस निघाली आहेत आणि म्हातारे आईबाप पायी फरपटत आहेत. वाटेत कुक्कुट ऋषींचा आश्रम लागतो. मलिन वस्त्रांच्या स्त्रिया रात्री आश्रमात शिरतात, झाडलोट करतात आणि उजळून बाहेर पडतात. त्या गंगा-यमुना असतात, लोकांची पापे धुऊन मळलेल्या. ज्या ऋषीला काशीची वाटही ठाऊक नाही त्याच्या दारी नद्या येतात, कारण त्याने आईबापांची सेवा केली आहे. आणि शेवटी स्वतः देव भेटीस येतो, तेव्हा भक्त मागे वळूनही पाहत नाही. हाताशी असलेली वीट फेकतो आणि थांब म्हणतो. देव थांबतो. अरबी कथांतील राक्षस आणि उडते गालिचे आम्हांस चमत्कारिक वाटतात, पण दारात विटेवर तिष्ठत उभा राहिलेला परमेश्वर ही कल्पना त्याहून कितीतरी अधिक धाडसाची आहे. केवळ सवयीमुळे तिचे नवल आपल्याला वाटेनासे झाले आहे.

मराठी माणसाने पडदा हाती घेतला तेव्हा प्रथम हीच कथा उचलली. दादासाहेब तोरणे यांचा ‘श्री पुंडलीक’ १८ मे १९१२ रोजी मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये दाखविला गेला. फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला तो त्यानंतर वर्षभराने. रंगभूमीवरील नाटकाचेच ते चित्रण, आणि अर्थात मुके. म्हणजे पुंडलिकाचा पहिला अवतार शब्दावाचून, स्वरावाचून झाला. बत्तीस वर्षांनी कावेरीच्या मुलखातील कलावंतांनी त्याच कथेस जो अवतार दिला त्यात, उलटपक्षी, गाणे हेच सर्वस्व आहे. या दोन टोकांमध्ये कथेचे काय झाले, हा आमचा प्रश्न.

‘हरिदास’ या नावापाशीच क्षणभर थांबावयास हवे. मराठीत हरिदास म्हणजे कीर्तनकार. तामिळ प्रेक्षकास ते केवळ नायकाचे नाव वाटत असेल. मराठी वाचकास मात्र त्या नावाने चित्रपटाचा एक आतला दरवाजा उघडून मिळतो. कारण या चित्रपटाची घडण कीर्तनाची आहे, आणि ते कीर्तन तंजावरास मराठी मुलखातून गेलेले आहे. समर्थशिष्य भीमस्वामींचा मठ तेथे झाला, रामदासी परंपरा रुजली. पण खरी कलाटणी मिळाली ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, राज्य खालसा झाल्यानंतर. रामचंद्रबुवा मोरगावकर हे कीर्तनकार १८६० च्या सुमारास दक्षिणेत आले आणि त्यांच्या कीर्तनांनी तंजावर भारावून गेले. ती पद्धत तंजावर कृष्ण भागवतर यांनी आत्मसात केली, तिला कर्नाटक संगीताची बैठक दिली आणि तामिळ देशात आज ज्याला हरिकथा किंवा कथाकालक्षेपम् म्हणतात तो प्रकार सिद्ध झाला. साकी, दिंडी, ओवी, अभंग ही आपली वृत्ते नावानिशी त्यात गेली. साकी म्हटल्यावर आपल्या पिढीतील मराठी मुलास काही बोध होईल की नाही याची शंका आहे. तामिळ हरिकथेच्या अभ्यासकास मात्र होतो.

‘भागवतर’ ही उपाधी या परंपरेतली. चित्रपटाचा नायक ती आपल्या नावाला लावतो, यात योगायोग नाही. त्यागराज भागवतर जन्मले १९१० मध्ये, जुन्या तंजावर जिल्ह्यातील मायावरम् येथे, आजच्या मयिलादुतुरैत. घर सोनाराचे. गळा असा की रंगभूमीवर असतानाच ती उपाधी नावाला चिकटली. त्यांचा पहिला बोलपट ‘पवळक्कोडी’ (१९३४) हाही एका लोकप्रिय अद्भुत कथेवरच रचलेला : अर्जुन आणि पोवळ्यांच्या बेटावरील राणी. दिग्दर्शक पापनाशम्‌चे के. सुब्रह्मण्यम्. त्या चित्रपटात गाण्यांची संख्या पन्नासाच्या घरात होती, असे सांगतात. म्हणजे कथा ही गाण्यांच्या दोरीवर वाळत घातलेले वस्त्र. दहा वर्षांनी ‘हरिदास’ झाला तेव्हा महायुद्ध चालू होते, कच्च्या फिल्मचे वाटप मापून होत होते आणि चित्रपटाची लांबी अकरा हजार फुटांच्या आत ठेवण्याचे बंधन होते. ‘हरिदास’ दोन तासांच्या आत संपतो. सरकारी बंधनाने कलेचे भले झाल्याची उदाहरणे थोडी; आमच्या सरकारी नोकरीतील वाचकांनी हे एक टिपून ठेवावे. येथे गाण्यांना कथेत काही काम करावे लागले.

आता गाण्यांकडे वळू. चित्रपट उघडतो तोच पांढऱ्या घोड्यावर बसून गात येणाऱ्या नायकाने. रस्त्याने जाणाऱ्या स्त्रियांकडे पाहत, जीवन म्हणजे एक सण आहे अशा मिजाशीत तो गातो. आमच्या कथेतील घोडा आठवावा. तेथे घोडा म्हणजे आईबापांचा अपमान : ते पायी, हा स्वार. चित्रपटाने घोडा ठेवला, पण त्याच्यामागून फरपटणारे आईबाप दृष्टीआड केले. अपमानाच्या जागी ऐट आली. हा बदल लहान दिसतो, पण पुढचे सगळे त्यातून निघते. मराठी पुंडलिकाचा आपल्याला प्रथमपासून राग येतो. या हरिदासाचा राग येत नाही, कारण तो फार सुंदर गातो. प्रेक्षक त्याच्या पापात त्याच्याबरोबर घोड्यावर बसतो.

या मोहाचा कळस म्हणजे रंभा नावाच्या गणिकेच्या मैफलीतील चारुकेशी रागातले गीत, मदनाच्या लीलेविषयीचे. तामिळनाडूत ते आजही लोकांच्या कानात आहे. चारुकेशी म्हणजे काय हे मराठी रसिकास सांगावयाचे तर ‘ययाति आणि देवयानी’ (१९६६) या नाटकातील अभिषेकीबुवांनी बांधलेले चंद्राचे पद आठवावे : पूर्वार्ध शुद्ध गंधाराने प्रसन्न, उत्तरार्ध कोमल धैवत-निषादाने हुरहुर लावणारा. एकाच रागात आनंद आणि त्याचे पर्यवसान. तंजावरजवळच्या तिरुवैयारु येथे राहिलेल्या त्यागराजस्वामींची या रागातील कृती प्रसिद्ध आहे. तीत भक्त देवाशी लाडिक तक्रार करतो. शिवन् यांनी तोच राग विलासाला दिला. असे करण्यास जाण हवी आणि थोडे धाष्टर्यही. नायक त्या रागात मदनाचे सामर्थ्य गातो, रंभेला हाक मारतो, ती ओ देते, आणि उत्तरार्धातील कोमल स्वर अगोदरच सांगून टाकतात की हे टिकणार नाही. नायकाला ते ऐकू येत नाही, आपल्याला येते.

रंभेची भूमिका टी. आर. राजकुमारी यांची. नावातील ‘टी’ म्हणजे तंजावर. त्या तेथे जन्मल्या, गायनाच्या घराण्यात. ज्या नृत्याला आज भरतनाट्यम् म्हणतात त्याचा क्रम सरफोजींच्या काळी तंजावर दरबारातील चौघा भावांनी, चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् आणि वडिवेलु यांनी, लावून दिला. आणि सरफोजी महाराजांनी त्या नृत्यासाठी मराठीत रचना केल्या, त्या ‘कोर्व्यांचे साहित्याचे जिन्नस’ या नावाने छापून निघाल्या आहेत. अशा परंपरेच्या शहरातील कलावतीला ‘हरिदास’मध्ये सर्वनाशाचे कारण म्हणून उभे केले आहे. आमचा मुख्य आक्षेप येथे आहे. चित्रपटाचे अर्धे लावण्य या स्त्रीच्या हावभावांतून येते, तिच्या मैफलीवाचून त्याचे नाव तीन दिवाळ्या टिकले नसते; आणि ते लावण्य वसूल करून घेतल्यावर चित्रपट तिला दूषण देऊन मोकळा होतो. मराठी कथेत असे कोणी वेगळे सापडत नाही. पुंडलिकाचा दोष पुंडलिकाचाच. बायकोचा लोभ असला तरी तो घरातला. दोष बाहेरच्या स्त्रीवर टाकण्याची सोय चित्रपटाने करून घेतली, आणि अशा वेळी केली की जेव्हा तामिळ देशात देवदासींच्या प्रश्नावर कायद्याची भाषा चालू होती. तो कायदा मद्रास प्रांतात १९४७ मध्ये झाला. चित्रपटाने काळाची हवा ओळखली असे कोणी म्हणेल. आम्ही म्हणू, त्याने ती फार सहज ओळखली.

पत्नी लक्ष्मीच्या भूमिकेत एन. सी. वसंतकोकिलम् आहेत. नागपट्टणम् येथे वाढलेल्या या गायिकेचे नाव त्या काळी मैफलीत आदराने घेतले जाई. १९५१ मध्ये त्या अकालीच गेल्या. नट्यांच्या गर्दीत एक खरी गवई बाई गृहिणी म्हणून बसविली आहे, आणि ती गाते तेव्हा पडद्यावरचा नाटकीपणा क्षणभर थांबतो. एन. एस. कृष्णन् आणि टी. ए. मधुरम् यांचा विनोद चांगला आहे, पण तो वेगळ्याच चित्रपटातला वाटतो. एका लहान भूमिकेत पंढरीबाई आहेत. भटकळच्या एका हरिकथाकाराची ही मुलगी पुढे तामिळ आणि कानडी पडद्यावर आईच्या भूमिकांसाठी प्रसिद्धी पावली. विठ्ठल कोठे कोठे गेला याचा हिशेब ठेवणाऱ्याने अशी नावेही लिहून ठेवावीत.

मग पतन. आईबाप घराबाहेर जातात, पत्नी जाते, संपत्ती जाते. पळत सुटलेला हरिदास एका ऋषीला लाथ मारतो आणि त्याचे पाय गळून पडतात. आमच्या कथेत हे नाही. पुंडलिकास शिक्षा होत नाही. नद्यांचे दृश्य पाहूनच त्याचे डोळे उघडतात. प्रथमदर्शनी आम्हांस हा बदल ओबडधोबड वाटला : अंतःकरणातील पालट दाखविता येत नाही म्हणून शरीरावर आघात. पण पुनःपुन्हा पाहिल्यावर त्यातील अर्थ जाणवू लागतो. घोड्यावर बसून सुरुवात केलेला मनुष्य आता जमिनीवर सरपटतो आहे. आणि ही ज्या देवाची कथा, तो देव तर उभा राहण्यासाठीच प्रसिद्ध! उभ्या देवाच्या कथेत उभे राहू न शकणारा भक्त आणणे ही कल्पना ज्या कोणास सुचली त्यास कथेचे मर्म कळले होते, मग ते जाणून असो की नकळत. पाय परत मिळतात तेही आईबापांपाशी आल्यावरच.

या भागात भागवतरांच्या गळ्याचे काम पाहण्यासारखे आहे. आवाज तोच, तीच वरच्या सप्तकातील झेप, तीच लखलखीत तान. पण पूर्वी जी तान मिरवीत होती ती आता विनवू लागते. पापाचे गाणे इतके मधुर होते म्हणूनच पश्चात्तापाचे गाणे खरे वाटते. पापात मुका राहिलेला आणि पश्चात्तापात एकदम गाऊ लागलेला नायक आम्हांला पटला नसता. येथे ज्या कंठाने रंभेला हाक मारली त्याच कंठाला आईबापांस हाक मारावयाची आहे, आणि ते किती कठीण आहे हे संगीतच सांगते. पापनाशम् शिवन् हे आयुष्यभर कावेरीकाठच्या भजनसंप्रदायाशी बांधलेले गृहस्थ. बोधेंद्रस्वामी, श्रीधर अय्यावाळ, मरुदानल्लूरचे सद्गुरुस्वामी यांनी तंजावरच्या मुलखात, मराठी राजांच्या काळात, जो नामसंकीर्तनाचा प्रवाह चालू केला त्यात अभंगांनाही जागा होती. त्या प्रवाहाची आर्तता शिवन् यांच्या शेवटच्या गीतांत आहे. चित्रपट अद्भुताकडून आर्ताकडे जातो तो या वाटेने.

आणि तरीही काही हरवले. वीट हा या चित्रपटाचा मध्यबिंदू नाही. त्याचा सर्व भार अनुतापावर आहे. अनुताप गाता येतो. देवाचे तिष्ठणे गाता येत नाही. ते नुसते पाहावे लागते, आणि निःशब्दपणे. जेथे प्रत्येक भाव गीतात उतरलाच पाहिजे अशी रीत आहे तेथे देवाने गप्प उभे राहावे यास अवकाश कोठून मिळणार? आमच्या कथेत सेवा करणारा पुत्र देवाकडे पाठ करून बसतो. भागवतरांस प्रेक्षकांकडे पाठ करणे शक्य नव्हते. तो कीर्तनकार आहे. श्रोत्यांकडे तोंड करून उभे राहणे हा त्याचा धर्म.

येथे ‘प्रभात’च्या ‘संत तुकाराम’ची (१९३६) आठवण अपरिहार्य आहे. विष्णुपंत पागनीस हे रंगभूमीवरचे गायक नट. पण दामले-फत्तेलाल यांनी त्यांना असे बसविले की ते गातात ते जणू कोणी ऐकत नाही असे समजून. केशवराव भोळ्यांच्या चालींत तानेची मिरवणूक नाही. पागनीस आपल्याशी गातात, भागवतर आपल्यासाठी गातात. पहिली गोष्ट चित्रपटास अधिक शोभते यात आम्हांस शंका नाही, आणि १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात ‘तुकाराम’चा गौरव झाला तो काही उगाच नव्हे. पण एवढ्यावरून ‘हरिदास’ खालचा ठरविणे अन्यायाचे होईल. तुकाराम आरंभापासून संतच आहेत, त्यांना पडावयाचे नाही. पडलेल्या माणसाचे गाणे ‘प्रभात’च्या त्या चित्रात नाही, ते येथे आहे.

चित्रपट लागला त्यानंतर थोड्याच आठवड्यांत मद्रासेस लक्ष्मीकांतन् नावाच्या पत्रकाराचा खून झाला, आणि डिसेंबर १९४४ मध्ये त्या प्रकरणी भागवतर व कृष्णन् यांना अटक झाली. १९४५ मध्ये शिक्षा, पुढे प्रिव्ही कौन्सिलपर्यंत धाव, आणि १९४७ मध्ये निर्दोष सुटका. म्हणजे ज्या तीन दिवाळ्यांचा विक्रम सांगतात त्यांतील दोन दिवाळ्यांत पडद्यावर घोड्यावर बसून गाणारा नायक प्रत्यक्षात तुरुंगात होता. लोक तिकिटे काढीत राहिले. याचा फार अर्थ काढू नये. न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरविले आहे, आणि पडद्यावरील पापाशी त्या गोष्टीचा संबंध जोडणे असभ्यपणाचे होईल. सुटून आल्यावर मात्र तो काळ परत आला नाही. भागवतर १९५९ मध्ये वारले.

राहता राहिला मालकीचा प्रश्न, कारण तंजावर म्हटले की तो सुटत नाही. पुंडलीक आपला, आणि तामिळांनी तो घेतला, असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु तेनाली रामकृष्णाने ‘पांडुरंगमाहात्म्यमु’ हे तेलुगू काव्य सोळाव्या शतकात रचले, म्हणजे महिपतीच्या ‘भक्तविजया’पूर्वी सुमारे दोन शतके. ज्ञानेश्वरांनी स्वतः विठ्ठलास कानडा म्हटले आहे. तंजावरच्या आपल्या राजांनीही, शहाजीपासून पुढे, नाटके लिहिली ती एका भाषेत नव्हेत : मराठीत लिहिली, तेलुगूत लिहिली, आणि ‘पंचभाषाविलास’ या नाटकात तर पाच भाषा एकत्र आणल्या. विष्णुदास भाव्यांच्या सांगलीतील प्रयोगाच्या (१८४३) दीडशे वर्षे आधी मराठी नाटक कावेरीकाठी लिहिले जात होते याचा अभिमान जरूर बाळगावा. पण ते नाटक ज्यांच्या गळ्यावर आणि पायांवर उभे राहिले ते गवई-नर्तक तामिळ आणि तेलुगू होते, हेही त्याच श्वासात सांगावे.

‘हरिदास’ची कथा पुढे तेलुगूत गेली. १९५७ च्या ‘पांडुरंग माहात्म्यम्’मध्ये एन. टी. रामाराव पुंडरीक झाले, आणि पाय गमावलेल्या नायकाचे सरपटत जातानाचे घंटसालांच्या आवाजातील लांब गीत आंध्रात अजून ऐकू येते. तेथे वीट आहे, पंढरपूर आहे, शेवटी मूर्तीही आहे. श्रद्धावान मराठी प्रेक्षकास तो अधिक ओळखीचा वाटेल. आमचे मत विचाराल तर संगीताच्या बाजूने ‘हरिदास’ सरस आहे : तेलुगू चित्रपटात पाप आणि पश्चात्ताप यांचे स्वर निरनिराळ्या दोन माणसांचे वाटतात.

‘हरिदास’ आज घरबसल्या पाहावयास मिळतो. प्रत जुनी आहे, आवाजात खरखर आहे, आणि तामिळ न जाणणाऱ्यास संवाद अवघड जातील. ज्या वाचकांची नेमणूक सध्या तिरुच्चि, कुंभकोणम् किंवा तंजावर येथे आहे त्यांनी तो शेजारच्या एखाद्या वडीलधाऱ्या गृहस्थांबरोबर पाहावा. त्यांना कथा सांगण्याची घाई करू नये. ती त्यांना ठाऊक असते. गाणी तर पाठ असतात. आपण फक्त कुक्कुट ऋषींच्या आश्रमातील नद्यांची गोष्ट सांगावी, आणि त्यांच्याकडून चारुकेशी ओळखावयास शिकावे.